शंभर टक्के कव्हरेज आणि दहा रुपयांची चूक

पावतीवर आकड्यात ५,०६९ रुपये छापलेले होते आणि त्याखालच्या अक्षरी रकमेच्या ओळीत ‘पाच हजार एकोणसाठ रुपये फक्त’. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या रोखपाल बाईंनी ती पावती मला फोनवर वाचून दाखवली, तेव्हा माझ्यासमोर ती पावती छापणाऱ्या, मीच लिहिलेल्या मॉड्यूलचा कव्हरेज रिपोर्ट, म्हणजे टेस्टनी कोडचा किती भाग चालवून पाहिला याचा अहवाल, उघडा होता आणि त्या फाइलच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत १०० टक्के असे लिहिलेले होते. फाइलमधली प्रत्येक ओळ आणि प्रत्येक अटीचा प्रत्येक फाटा टेस्ट चालताना किमान एकदा तरी चालून गेलेला होता. त्या टेस्टही मीच लिहिलेल्या असल्यामुळे दोष ढकलायला दुसरे कोणी नव्हते. “तुमचं मशीन दहा रुपये खातंय,” असे बाई म्हणाल्या, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

दहा रुपये ही काही मोठी रक्कम नव्हे. पण आकड्याचे शब्द करणारे हेच फंक्शन, म्हणजे कोडचा हाच तुकडा, धनादेश छापतानाही वापरले जात होते. धनादेशावरचा आकडा आणि अक्षर यांत तफावत असेल तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरावी, असे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १८ सांगते. म्हणजे आमच्या कोडमध्ये जी बाजू चुकली होती, नेमकी तीच कायद्याच्या दृष्टीने खरी ठरणार होती.

चूक शोधायला पाच मिनिटेही लागली नाहीत. मराठीत एक ते नव्व्याण्णव या आकड्यांना नव्व्याण्णव वेगवेगळी नावे आहेत. त्यांच्यात नियम असल्यासारखा वाटतो, पण तो शेवटपर्यंत टिकत नाही: एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असे करत आपण ऐंशीच्या पलीकडे जातो आणि नव्व्याण्णवला येऊन ‘एकोणशंभर’ म्हणत नाही. त्यामुळे ही नावे नियमाने तयार करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. सरळ ९९ शब्दांचा एक तक्ता लिहायचा आणि आकड्याच्या क्रमांकावरून त्यातला शब्द उचलायचा. माझ्या तक्त्यात ६९ व्या जागी ‘एकोणसत्तर’ऐवजी ‘एकोणसाठ’ टंकले गेले होते. (२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धती आली आणि महाराष्ट्रभर वादळ उठले, तेव्हा मराठीचा अभिमानी म्हणून मी विरोधकांत होतो, प्रोग्रामर म्हणून मात्र मनातल्या मनात दुसऱ्या बाजूला होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.)

मला छळणारा प्रश्न त्या चुकीबद्दल नव्हता, त्या १०० टक्क्यांबद्दल होता. इतके दिवस मी त्या आकड्याकडे पाहून निश्चिंत होत आलो होतो. मग तो नेमके काय मोजत होता, हे त्या संध्याकाळी मी कागदावर मांडून पाहिले.

हजाराच्या आतल्या रकमेचे फंक्शन अगदी लहान आहे. रकमेला शंभराने भागून ‘शतक’ आणि ‘उरलेले’ असे दोन भाग काढायचे. शतक एक असेल आणि उरलेले शून्य असेल तर ‘शंभर’ देऊन तिथेच बाहेर पडायचे, कारण शंभराला कोणी ‘एकशे’ म्हणत नाही, पण १०१ ला मात्र ‘एकशे एक’ म्हणावेच लागते. पुढे, शतक शून्यापेक्षा मोठे असेल तर त्याचे नाव आणि ‘शे’ जोडायचे. शेवटी, उरलेले शून्यापेक्षा मोठे असेल तर तक्त्यातला शब्द जोडायचा. एवढेच, म्हणजे एकूण तीन अटी.

आता १०० आणि ५१२ या दोनच रकमांच्या टेस्ट लिहा. पहिली ‘शंभर’च्या ओळीवरून बाहेर पडते, दुसरी बाकीच्या सगळ्या ओळींवरून जाते, आणि लाइन कव्हरेज १०० टक्के होते. पण शतकच नाही अशी रकम किंवा उरलेले काहीच नाही अशी रकम अजून एकदाही आत गेलेली नाही. ब्रँच कव्हरेज इथे अडवते: तीन अटींचे सहा फाटे असताना त्यांतले चारच चालले आहेत, असे ते दाखवते. मग ५०० आणि १२ या दोन टेस्ट वाढवायच्या, की सहाही फाटे हिरवे होतात. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आम्ही वापरतो ते कव्हरेज डॉट पाय हे साधन मुळात फक्त ओळी मोजते. ब्रँच मोजायच्या असतील तर तसे मुद्दाम सांगावे लागते. माझ्या पाहण्यातल्या निम्म्याहून अधिक प्रकल्पांत ते कोणी सांगितलेले नसते, आणि तरीही बैठकीत ‘आमचे कव्हरेज इतके आहे’ हे वाक्य तितक्याच आत्मविश्वासाने उच्चारले जाते.

सहाही फाटे हिरवे झाले, तरी शून्य ही रकम अजून राहिलीच. तिच्यात शतक नाही आणि उरलेलेही नाही. दोन्ही फाटे सुटेसुटे चालून गेलेले असले तरी एकाच रकमेत दोन्ही एकदम कधी चालले नव्हते. बचत खात्यावर एखाद्या गरिबाला पन्नास पैसे व्याज जमा झाले की पावतीवर ‘रुपये पन्नास पैसे फक्त’ असे, पुढच्या बाजूने बोडके, वाक्य छापले जात होते. प्रत्येक फाटा नव्हे तर फाट्यांची प्रत्येक साखळी तपासायची, याला पाथ कव्हरेज म्हणतात, आणि ते ऐकायला जितके रास्त वाटते तितकेच अशक्य असते: एकामागोमाग दहा स्वतंत्र अटी आल्या की १,०२४ वाटा होतात आणि मध्ये एखादे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा भाग, आले तर मोजदादच संपते.

विमानांच्या सॉफ्टवेअरची माणसे या दोन टोकांच्या मध्ये एका ठिकाणी थांबली आहेत, आणि ते ठिकाण समजून घेण्यासारखे आहे. डीओ-१७८सी या २०११ च्या मानकात, ज्या सॉफ्टवेअरच्या बिघाडाने विमान पडू शकते त्याला अ पातळी दिलेली आहे. क पातळीला प्रत्येक विधान चाललेले असले की पुरते, ब पातळीला प्रत्येक निर्णयाचे दोन्ही निकाल यावे लागतात, आणि अ पातळीला मॉडिफाइड कंडिशन डिसिजन कव्हरेज, बोली भाषेत एमसीडीसी, लागते. म्हणजे अनेक अटी जोडून केलेल्या निर्णयात प्रत्येक सुटी अट एकटीच्या बळावर निकाल फिरवू शकते, हे टेस्टने दाखवून द्यावे लागते. अटी ‘न’ असतील तर किमान ‘न अधिक एक’ टेस्ट लागतात, म्हणजे पाथ कव्हरेजच्या मानाने हे फारच परवडणारे प्रकरण आहे.

आमच्या ‘शंभर’च्या अटीला हे लावून पाहू. समजा, ‘उरलेले बरोबर शून्य’ऐवजी माझ्या हातून ‘शून्य किंवा त्याहून अधिक’ असे लिहिले गेले. मग १०० ला ‘शंभर’ येते, ५१२ बरोबर येते, ५०० बरोबर, १२ बरोबर. चारही टेस्ट पास आणि ब्रँच कव्हरेज पूर्ण. प्रत्यक्षात मात्र १०१ पासून १९९ पर्यंतची प्रत्येक रकम ‘शंभर’ म्हणून छापली जाणार. एमसीडीसीचा रिपोर्ट इथे सांगेल की दुसरी अट एकदाही खोटी ठरलेली नाही. ती खोटी ठरवायला गेलो की १०१ ची टेस्ट लिहावी लागते आणि पितळ उघडे पडते. १००, १०१ आणि २०० या तीन रकमांत ही अट पुरती बांधली जाते. हे मी पेन्सिलीने करून पाहिले, कारण पायथॉनच्या आमच्या साधनात ही सोय नाही. सी आणि सी प्लस प्लसवाल्यांना मात्र २०२४ पासून क्लँग १८ आणि जीसीसी १४ या दोन्ही कंपायलरांत, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनांत, ती फुकट मिळते. पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे माझे मित्र आयएसओ २६२६२ या वाहनसुरक्षेच्या मानकापायी हीच गोष्ट वर्षानुवर्षे महागड्या परवान्यांची साधने घेऊन करत आले आहेत, आणि तिच्या नावाने बोटेही मोडत आले आहेत.

पण माझ्या ६९ चे काय? लाइन, ब्रँच, एमसीडीसी, पाथ, यांतले काहीही लावा, ती चूक सापडत नाही. कारण हे सगळे मोजमाप अंमलबजावणीची वाट कुठून गेली याचे आहे, आणि बारा उचलताना व एकोणसत्तर उचलताना वाट एकच असते. ९९ शब्दांचा तक्ता कव्हरेजच्या लेखी एकच विधान आहे. फाइल लोड होते त्या क्षणीच ते हिरवे होते. निर्णय अटींमधून काढून तक्त्यात घातले की कोड वाचायला सुबक होतो, पण त्याच बरोबर ते निर्णय कव्हरेजच्या नजरेआड जातात. हेच फंक्शन मी ९९ ‘जर-नाहीतर’ लावून अडाणीपणे लिहिले असते, तर रिपोर्टात नव्वदेक ओळी लाल, म्हणजे न चाललेल्या, दिसल्या असत्या आणि मी त्या मुकाट्याने तपासल्या असत्या. कर, व्याजदर, सवलतीचे टप्पे, परवानग्या, अशा ज्या ज्या गोष्टी आपण आजकाल कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये, टाकतो, त्या सगळ्यांना ही गोष्ट लागू आहे.

या मोजमापाची कल्पना जुनी आहे. जोन मिलर आणि क्लिफर्ड मॅलोनी यांनी १९६३ मध्ये ती लेखातून मांडली, तेव्हाही हेतू हाच होता की प्रोग्रामच्या ज्या भागातून चाचणी गेलेलीच नाही तो भाग नजरेस यावा. यंत्रणाही फार गूढ नाही. जीसीसीबरोबर येणाऱ्या जीकोव्ह या साधनासाठी जीसीसी कंपाइल करतानाच कोडमध्ये मोजणीयंत्रे पेरतो, आणि तीही प्रत्येक वाटेवर नव्हे. काही वाटा मोजल्या की उरलेल्यांची बेरीज-वजाबाकी करून संख्या काढता येते. जावा भाषेचे जॅकोको हे साधन बाइटकोडमध्ये, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडमध्ये, खुणा बसवते, म्हणूनच एखाद्या ओळीतून एक्सेप्शन उडाले, म्हणजे काम मध्येच तुटले, तर ती ओळ चालूनही लाल दिसते: खूण पुढे असते आणि गाडी तिथवर पोहोचलेलीच नसते. नव्या लोकांचा अर्धा दिवस या एका गोष्टीत जातो.

असे अपवाद सोडले, तर लाल रंग सहसा खरे बोलतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने आयओएस ७.०.६ तातडीने काढले, ते ‘गोटू फेल’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या चुकीसाठी. सर्व्हरची सही तपासणाऱ्या फंक्शनमध्ये ‘गोटू फेल’, म्हणजे ‘अपयशाच्या जागी उडी मार’, ही ओळ एकाखाली एक अशी दोनदा आली होती. पहिली अटीच्या अमलाखाली होती, दुसरी कशाच्याच नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी नियंत्रण तिथून उडी मारून शेवटाला जाई, एरर कोड (चूक झाली का हे सांगणारा आकडा) शून्यच राहिलेला असल्याने ‘सगळे ठीक’ असा निकाल परत जाई आणि सही प्रत्यक्ष पडताळणारी खालची ओळ कधीच चालत नसे. अशा फंक्शनवर कोणतीही टेस्ट चालवून अगदी साधे लाइन कव्हरेज काढले, तरी सही पडताळण्याची नेमकी ती ओळ लाल दिसली असती. त्यासाठी हल्लेखोरासारखा विचार करायची गरज नव्हती, रिपोर्ट उघडून खालपर्यंत वाचणे पुरेसे होते.

हिरव्या रंगाचे तसे नाही. हिरवी ओळ ‘इथून कोणीतरी गेले होते’ एवढेच सांगते. जाणाऱ्याने डोळे उघडे ठेवले होते की नाही, हे तिला ठाऊक नसते. आधीच्या एका नोकरीत, नाव सांगण्यात अर्थ नाही, कव्हरेज ८० टक्क्यांखाली गेले की बिल्ड, म्हणजे प्रोग्रामची नवी बांधणी, मोडायचे असा नियम होता. तिमाही संपत आली की टेस्टची एक विशिष्ट जात उगवायची: फंक्शन बोलवायचे, काहीतरी परत आले का एवढे पाहायचे, निघून जायचे. काहींत तर एकही असर्शन, म्हणजे निकाल ताडून पाहणारी ओळ, नसे. आकडा ८० च्या वर राहायचा आणि कोणीच खोटे बोललेले नसायचे. २०१४ मध्ये लॉरा इनोझेम्त्सेवा आणि रीड होम्स यांनी पाच मोठ्या जावा प्रणालींवर ३१,००० टेस्ट संच तयार करून पाहिले, आणि संचाचा आकार सारखा ठेवला तर कव्हरेज आणि चुका पकडण्याची ताकद यांचे नाते कमी ते मध्यम इतकेच भरते, असे दाखवले. मला त्या निबंधाने धक्का बसला नाही. कव्हरेजचा आकडा मी स्वतः हाताने वाढवलेला होता. गूगलने २०२० मध्ये आपल्या अंतर्गत पद्धतीत ६० टक्के चालण्याजोगे, ७५ चांगले आणि ९० उत्तम अशा पायऱ्या सांगितल्या. त्या ठीक आहेत, पण आकडा मागणाऱ्या माणसाने रिपोर्टच्या आतली पाने कधी उघडली आहेत का, हा माझा पहिला प्रश्न असतो.

एसक्यूलाइटचे उदाहरण उलट बाजूचे म्हणून सांगतो. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेला हा डेटाबेस तुमच्या फोनमध्ये या क्षणी चालू आहे. तो १०० टक्के एमसीडीसी राखतो, आणि त्याच्या टेस्टचा कोड मूळ कोडच्या सुमारे ५९० पट आहे. मला त्यातली आवडणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. ‘ही अट कधीच खरी होणार नाही, तरी असू द्या’ अशा बचावात्मक अटी १०० टक्क्यांच्या आड येतात, कारण जी अट खरी होऊच शकत नाही तिचा तो फाटा टेस्टने चालवणार कसा? म्हणून त्यांनी ‘ऑल्वेज’ आणि ‘नेव्हर’ असे दोन मॅक्रो, म्हणजे कंपाइल करताना हवे तसे बदलता येणारे शब्द, केले आहेत. कव्हरेज मोजताना ते स्थिर किमती होतात, डीबग करताना अट मोडली तर प्रोग्राम तिथेच थांबवतात आणि प्रत्यक्ष वापरात निमूटपणे तपासणी करत राहतात. शिवाय फझिंग, म्हणजे वेडावाकडा इनपुट मारत राहणे, याला बचावात्मक कोड हवा असतो आणि एमसीडीसीला तो नको असतो, हा ताण ते आपल्या दस्तऐवजात मोकळेपणाने लिहितात. आकड्यासाठी कोडमधून बचाव काढून टाकण्याचा मोह किती खरा असतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या प्रामाणिकपणाची किंमत कळेल.

डोळे उघडे होते का, हे विचारणारी एक पद्धत आहे: म्युटेशन टेस्टिंग. १९७८ साली डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांच्या निबंधाने ती रूढ केली. मूळ कोडमध्ये मुद्दाम एकेक बारीक बिघाड करायचा आणि टेस्ट चालवायच्या. टेस्ट मोडल्या तर बिघाड मेला, पास झाल्या तर तो जिवंत राहिला आणि टेस्ट आंधळ्या ठरल्या. वेळ फार खाते, म्हणून संपूर्ण प्रकल्पावर मी ती कधीच चालवत नाही. पण एका फाइलवर म्युटम्युट हे पायथॉनचे साधन लावून चहाला जायला काय हरकत आहे? पावतीच्या प्रकरणानंतर मी तेच केले. शेवटच्या अटीतले ‘शून्यापेक्षा मोठे’ त्याने ‘शून्य किंवा मोठे’ केले आणि एकही टेस्ट मोडली नाही. कारण पाहिले तर ५०० साठी ‘पाचशे’च्या मागे एक मोकळी जागा चिकटत होती, आणि माझ्या टेस्ट तुलना करण्यापूर्वी दोन्हीकडच्या मोकळ्या जागा कापून टाकत होत्या. ही सोय मीच कधीतरी, एक हट्टी टेस्ट पास होत नव्हती म्हणून, घातली होती. म्युटम्युट मजकुराच्या स्थिर किमतीही बदलतो, त्यामुळे खाली तक्त्यातल्या शब्दांची रांगच लागली होती: एक बिघडवला, जिवंत; दुसरा बिघडवला, जिवंत. टेस्टांनी खरोखर पाहिलेले शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

दुरुस्तीची पहिली टेस्ट एका ओळीची निघाली: ९९ शब्द एका संचात घाला (संचात एकच शब्द दोनदा राहत नाही) आणि संचात ९९ च उरले आहेत का ते पाहा. माझ्या चुकीच्या तक्त्यावर तिने ९८ सांगितले. दुसरी कल्पना अधिक ऐटबाज होती. क्विकचेक या टेस्टच्या साधनापासून चालत आलेल्या पद्धतीने यादृच्छिक रकमा निवडायच्या, त्यांचे शब्द करायचे, शब्दांवरून पुन्हा आकडा काढायचा आणि मूळ रकमेशी ताडून पाहायचा. ती लिहून झाल्यावर लक्षात आले की शब्दांवरून आकडा काढणारे फंक्शन तोच तक्ता उलटा वाचते. ५९ आणि ६९ यांची अदलाबदल झाली असेल, तर जाताना झालेली चूक येताना आपोआप फिटेल आणि टेस्ट आनंदाने पास होईल. संचाच्या टेस्टलाही ती अदलाबदल कळणार नाही. तेव्हा बरोबर शब्द कोणते, हे माझ्या कोडबाहेरच्या कोणीतरी सांगायला हवे होते.

मी रोखपाल बाईंनाच फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी वहीच्या दोन पानांवर एक ते नव्व्याण्णव स्वच्छ अक्षरात लिहून त्याचा फोटो पाठवला. माझा तक्ता न पाहता मी तो टेस्टच्या फाइलमध्ये उतरवून घेतला आणि टेस्ट चालवली. दोन जागी लाल आले. एक ६९ होता, कारण तक्ता मी मुद्दाम अजून दुरुस्त केलेला नव्हता. दुसरा ८९ होता: माझ्याकडे ‘एकोणनव्वद’ आणि बाईंच्या वहीत ‘नव्याऐंशी’. पुन्हा फोन केला. “आमच्याकडे पहिल्यापासून असंच लिहितात,” असे त्या म्हणाल्या, “आणि तुमचंही काही चूक नाही.” पावतीवर एकोणनव्वदच छापायचे ठरले. टेस्टच्या फाइलमध्ये बाकी सगळ्या आकड्यांपुढे एकेक शब्द आहे, ८९ पुढे मात्र दोन आहेत.